विश्लेषण : शेजारच्या घराचा पाया आपल्या घराला का चालत नाही?

अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर राज्यात अनेक घरांची भूमिपूजने होतात. मग ठेकेदाराला विचारले जाते, ‘पाया किती खोल घ्यायचा?’ उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘शेजारी पाच फूट घेतला, आपणही तेवढाच घेऊ.’ मात्र दोन भूखंडांमध्ये एकच कुंपण असले तरी खालची जमीन सारखी असेलच असे नाही.

काळ्या मातीत नेमके काय होते?

विदर्भ, मराठवाडा, सोलापूर या पट्ट्यातील काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात हीच माती पहारीला दाद देत नाही आणि ‘कडक लागले’ म्हणून खोदाई तिथेच थांबते. पावसाळ्यात मात्र ती पाया वर उचलते. घराच्या कडेची माती लवकर भिजते आणि लवकर सुकते, मधली झाकलेली राहते. त्यामुळे ही उचल सगळीकडे सारखी नसते आणि खिडकीच्या कोपऱ्यांपासून तिरके तडे जातात. याचा जास्त त्रास उंच इमारतींना नव्हे, तर बैठ्या घरांना आणि कुंपणभिंतींना होतो. फुगणाऱ्या मातीला दाबून ठेवण्याइतके त्यांचे वजनच नसते.

ही माती ओळखण्याची चाचणी अगदी साधी आहे. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती एका नळीत पाण्यात आणि दुसरीत रॉकेलमध्ये २४ तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे दोन्हींतील फरकावरून फुगवटा कळतो. लाखोंच्या घरात एवढीच चाचणी वगळली जाते, हे अनाकलनीय आहे. उपायही जुनेच आहेत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी कंदासारखा फुगीर असलेला ‘अंडर-रीम्ड पाइल’ देशात रूढ केला. तो साधारण साडेतीन मीटर खाली, जिथे ऋतूनुसार ओलावा फारसा बदलत नाही, तिथे रोवला जातो. काळी माती काढून मुरूम भरणे, घराभोवती फरशीचा रुंद पट्टा करणे हेही उपयोगी पडते.

खडक लागला म्हणजे निर्धास्त?

नाही. पुणे परिसरातील बेसाल्ट लाव्हाच्या थरांतून बनला आहे. वरच्या टणक थराखाली मऊ, तांबडा थर असू शकतो. जुन्या दगडखाणी, विहिरी, नाले बुजवून झालेले भूखंड तर अधिक फसवे असतात. इमारतीचा अर्धा भाग खडकावर आणि अर्धा भरावावर आला, तर भरावाकडची बाजू खचते.

खोल खोदाईचा धोका शेजाऱ्यालाही असतो. जून २०१९ मध्ये कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत लगतच्या बांधकामस्थळावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा मृत्यू झाला होता.

खाडीकाठचे गणित वेगळे कसे?

मुंबई, नवी मुंबईच्या खाडीलगत मऊ सागरी चिकणमाती आहे. तिच्यावर भराव टाकला की त्यातील पाणी हळूहळू, वर्षानुवर्षे निघत राहते आणि जमीन बसते. इमारत पाइलवर, म्हणजे खालच्या खडकावर उभी असते. भोवतालचे आवार मात्र खाली जाते. प्रवेशद्वाराच्या पायऱ्या सुटणे, जलवाहिनीचे सांधे तुटणे हे त्याचेच परिणाम. शिवाय बसणारी माती पाइललाही खाली ओढते. हा जादा भार आराखड्यात धरावा लागतो.

ग्राहकाने काय विचारावे?

माती तपासणीचा अहवाल मागावा आणि बोअर किती, कुठे घेतले ते पाहावे. भारतीय मानक १८९२ नुसार सुमारे ०.४ हेक्टरच्या जागेत चार कोपऱ्यांत व मध्यभागी असे पाच बोअर किंवा चाचणी खड्डे पुरेसे मानले जातात. लहान इमारतीसाठी मध्यभागी एक. रेरा कायद्यानुसार ताब्यानंतर पाच वर्षांत संरचनात्मक दोष आढळल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. स्वतःच्या भूखंडावर ठेकेदाराकडून बांधून घेतलेल्या घराला हे संरक्षण नाही.