शब्द मागून घ्यावा लागतो

फ्रेंच शिकणाऱ्या चार-पाच मित्रांनी सहलीला जायचं आणि जेवण उरकेपर्यंत शक्य तेवढं फ्रेंचच बोलायचं, ही कल्पना अनेकांना अभ्यासातली पळवाट वाटते. मला तो शब्दसंग्रह पक्का करण्याचा एक कसदार मार्ग वाटतो. वहीतला शब्द डोळ्यांसमोर असतो; तो ओळखता आला की तो आपल्याला येतो, असा समज होतो. चटईवर मात्र सुरी हवी असेल तर ‘कुतो’ हा शब्द स्वतःच आठवावा लागतो, तोही ‘ल कुतो’ असा, पुल्लिंगी उपपदासह. मराठी माणसाची खरी कसोटी इथे लागते. आपली सुरी स्त्रीलिंगी, फ्रेंचमध्ये ती पुल्लिंगी. आपला चमचा पुल्लिंगी, त्यांची ‘ला क्वियेर’ स्त्रीलिंगी. आपलं मीठ नपुंसकलिंगी, आणि फ्रेंचमध्ये नपुंसकलिंगच नाही, म्हणून ‘ल सेल’. मराठीवरून बांधलेला अंदाज वारंवार फसतो. म्हणून लिंग शब्दासोबतच तोंडात बसायला हवं, आणि त्यासाठी ती वस्तू पुन्हापुन्हा मागण्यासारखा सराव नाही.

जेवणात व्याकरणही आपोआप हाताळलं जातं. पाव आहे तोवर ‘इल या द्यु पँ’, जॅम असेल तर ‘द ला कोंफित्युर’, पाणी असेल तर ‘द लो’. पाव संपला की ‘इल न्या प्ल्यु द पँ’: नकार आला की ‘द्यु’ आणि ‘द ला’ या दोन्हींच्या जागी नुसतं ‘द’ उरतं. वर्गात हा नियम रिकाम्या जागा भरून शिकवला जातो. इथे वाक्य बदलण्याचं कारण समोर घडतं. सिंहगडावर पिठलं-भाकरी मागवली तर आणखी एक कौशल्य लागतं. भाकरीला फ्रेंचमध्ये तयार शब्द नाही. ‘गालेत द सॉर्गो’, म्हणजे ज्वारीची चपटी पोळी, असं समजावून सांगावं लागतं. शब्द नसताना आशय पोहोचवणं हा भाषा येण्याचाच एक मोठा भाग आहे.

आठवून काढण्याचं महत्त्व संशोधनानेही दाखवलं आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या 2006 मधल्या प्रयोगांत उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर मात्र, पुन्हा वाचण्याऐवजी आठवण्याची चाचणी दिलेले पुढे होते. तरी सहलीतल्या सरावावर एक गंभीर आक्षेप येतो. गॉडन आणि बॅडली यांनी 1975 मध्ये पाणबुड्या माणसांवर केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात पाण्याखाली शिकलेले शब्द पाण्याखालीच अधिक चांगले आठवले. मग झाडाखाली शिकलेले शब्द झाडाखालीच राहणार नाहीत का? शिकणं फक्त तिथेच झालं, तर हा धोका खरा आहे. म्हणून शब्द आधी वर्गात भेटावेत, सहलीत वापरले जावेत आणि पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघरात पुन्हा मागितले जावेत. जागा बदलत गेल्या की शब्द एकाच जागेचा आधार शोधत नाही.

दुसरा आक्षेप चुकांचा. सगळेच नवशिके असतील तर एकमेकांच्या चुका पक्क्या होतील, विशेषतः अनुनासिक स्वरांच्या, हे नाकारता येत नाही. पण त्यावर उपाय शिस्तीचा आहे: ज्या शब्दावर वाद झाला तो लिहून ठेवायचा, उच्चार ध्वनीसह असलेल्या शब्दकोशात ऐकायचा, उरलेली शंका शिक्षकांना विचारायची. शब्द अडला तर मराठीवर घसरण्याऐवजी ‘कॉमाँ दितों’, म्हणजे ‘कसं म्हणतात’, असं विचारायचं, म्हणजे अडणंही फ्रेंचमध्येच होतं. खाण्यापिण्याचे शब्द परीक्षेत किती कामाला येणार, असंही विचारलं जातं. डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेत, ए-1 पातळीच्या तोंडी भागात, प्रश्न विचारणं आणि खरेदीसारखा संवाद करणं, हेही तपासलं जातं. कापणं, ओतणं, उघडणं, पुढे करणं ही क्रियापदं तर कुठल्याही विषयात लागतात. कार्डांवरची उजळणी सोडावी असं माझं म्हणणं नाही. संख्येने शब्द तिथेच वाढतात. पण गरज पडताच तो शब्द ओठांवर यावा, यासाठी तो कुणाकडे तरी मागण्याची वेळ यावी लागते, आणि मित्रांसोबतचं जेवण ती वेळ दर घासाला आणतं.