देवधरांचा संघ विरुद्ध केदार जाधवचा संघ

प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. विजय हजारे त्या संघात होते. त्यांतल्या पहिल्या हंगामात त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. पुढे २०१३-१४ मध्ये महाराष्ट्राने अंतिम फेरी गाठली. केदार जाधवने त्या हंगामात १,२२३ धावा केल्या, पण करंडक कर्नाटकाने नेला. आता प्रश्न असा, की हे दोन संघ समोरासमोर आले तर कोण जिंकेल?

इंदिरानगरातल्या कुठल्याही सोसायटीत हा प्रश्न टाकून पाहा. आजोबा एका बाजूला, नातू दुसऱ्या बाजूला, आणि निकाल आवाजाच्या उंचीवर! देवधर १८९२ साली जन्मले. सामना खरोखर होणे नाही. पण लुटुपुटीचा सामना खेळता येतो, आणि तो नीट खेळायचा तर गणित लागते.

अमेरिकेत बेसबॉलचे असे सामने फार पूर्वीपासून खेळले जातात. १९६१ मध्ये हॅल रिचमन यांनी ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ नावाचा खेळ विकायला काढला. त्यात प्रत्येक खेळाडूचे एक कार्ड असते. फासे टाकायचे आणि कार्डावर निकाल पाहायचा. वेगवेगळ्या काळांतले खेळाडूही असे एकमेकांपुढे उभे करता येतात. बेसबॉल याला सोयीचा आहे, कारण तो चेंडू फेकणारा आणि फटका मारणारा यांच्या सुट्या सुट्या लढतींचा बनलेला असतो. क्रिकेटही तसेच आहे.

आपल्याकडचा असा खेळ तुम्ही मागच्या बाकावर बसून खेळलेला आहे: बुक क्रिकेट. पुस्तक उघडायचे आणि डाव्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक पाहायचा. शून्य आला की बाद; २, ४, ६ आले तर तितक्या धावा; ८ आला तर बऱ्याच ठिकाणी एक धाव धरतात. डावे पान नेहमी सम क्रमांकाचे, म्हणून अंक पाचच. शंभर वेळा पुस्तक उघडले तर प्रत्येक अंक सुमारे वीस वेळा येईल. म्हणजे २० बळी, आणि धावा २० × (२+४+६+१) = २६०. दर बळीमागे १३ धावा. हजारे असोत की अकराव्या क्रमांकाचा गोलंदाज, पुस्तकापुढे सगळे सारखे! या खेळाचा खरा दोष हा आहे.

म्हणून प्रत्येक फलंदाजाला स्वतंत्र तक्ता द्यायला हवा. समजा, एखाद्याची सरासरी ५० आहे आणि तो शंभर चेंडूंत ५० धावा काढतो. म्हणजे तो सरासरीने शंभर चेंडूंत एकदा बाद होतो. ०० ते ९९ हे शंभर आकडे घ्या. ०० म्हणजे बाद. ०१ ते ०५ चौकार, ०६ ते ११ दोन धावा, १२ ला तीन, १३ ते २७ एक धाव आणि उरलेल्या ७२ आकड्यांना धाव नाही. बेरीज करून पाहा: २० + १२ + ३ + १५ = ५०. सरासरी २५ असेल, तर बादचे आकडे दोन करा आणि बिनधावेचा एक कमी करा.

आकडे आणायचे कुठून? डब्यात ० ते ९ अशा दहा चिठ्ठ्या टाका, एक काढा, परत टाका, हलवा, पुन्हा काढा. दुसरा मार्ग मुंबई-आग्रा महामार्गाचा. जाणाऱ्या गाड्यांच्या क्रमांकांतले शेवटचे दोन अंक टिपत बसा. पण सावधान! लोक जादा पैसे भरून आवडीचे क्रमांक घेतात, त्यामुळे काही आकडे वाजवीपेक्षा जास्त येण्याची शक्यता असते. गाड्यांचे पाचशे आकडे नोंदवून ही शंका तपासणे हा स्वतंत्र प्रयोग होईल, आणि मला तर तो सामन्याइतकाच रंजक वाटतो.

आपला तक्ता खऱ्या क्रिकेटशी जुळतो का? सरासरी ५० म्हणजे दर धावेमागे बाद होण्याचा धोका ढोबळमानाने पन्नासात एक. तसे शंभर धोके टळले तर शतक. सचिन तेंडुलकरची कसोटी सरासरी ५३.७८ आणि डाव ३२९. हिशेबाने ५० शतके यायला हवीत. प्रत्यक्षात आहेत ५१. सुनील गावसकरचे डाव २१४, सरासरी ५१.१२, हिशेबाने सुमारे ३०, प्रत्यक्षात ३४. डॉन ब्रॅडमनची सरासरी ९९.९४, डाव ८०. हिशेबाने २९ आणि प्रत्यक्षातही २९!

पण फार खूश होऊ नका. आता शून्ये मोजू. पन्नास सरासरीच्या तक्त्यात निकाल लावणारे आकडे २८, आणि त्यांतला एक बादचा. ब्रॅडमनसाठी बादचा आकडा अर्धाच धरावा लागेल. त्या हिशेबाने ८० डावांत त्याची एक किंवा दोन शून्ये व्हायला हवीत. झाली सात. कारण उघड आहे. नवा फलंदाज आल्याआल्या जास्त चुकतो, नजर बसली की कमी. चिठ्ठीला हे कळत नाही. ते तिला आपण शिकवायचे. पहिल्या वीस चेंडूंना बादचे आकडे वाढवा आणि नंतर त्या प्रमाणात कमी करा.

गोलंदाजाचा हिशेबही सोपा आहे. फलंदाजाची सरासरी ५०, गोलंदाजाची २०, आणि त्या काळी एकूण दर बळीमागे ३० धावा पडत असतील, तर या जोडीसाठी ५० × २० ÷ ३० म्हणजे सुमारे ३३ ही सरासरी धरा.

खरी अडचण येते ती काळाची. १९४८-४९ च्या हंगामात पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या सामन्यात २,३७६ धावा झाल्या. त्याच हंगामात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. अशा काळातले ६० आणि गोलंदाजांना साथ देणाऱ्या काळातले ६० एका मापाचे नाहीत. उपाय असा, की खेळाडूची सरासरी त्या हंगामातल्या सर्वांच्या सरासरीने भागायची. ४० च्या काळात ६० म्हणजे दीडपट; ३० च्या काळात ६० म्हणजे दुप्पट. यातून खेळपट्टी आणि नियम यांतला बराच फरक निघून जातो. मात्र १९४० चे समकालीन आणि २०१४ चे समकालीन सारखेच तयारीचे होते, हे यात आपण गृहीत धरले. देवधरांना आजचे हेल्मेट आणि व्यायामशाळा द्यायची, की जाधवला जुन्या काळची साधने द्यायची? याचे उत्तर चिठ्ठ्यांत नाही. ते आधी ठरवावे लागते, आणि त्यावर निकाल फिरतो.

शिवाय किती सामने खेळायचे? एक संघ खरोखर सरस आहे आणि शंभरात ५५ सामने जिंकतो असे समजा. तरी पाच सामन्यांच्या मालिकांपैकी शंभरात ४१ मालिका दुबळा संघ जिंकेल! म्हणून हजारो सामने हवेत, आणि तिथे संगणक लागतो. स्टॅनिस्लाव उलाम या गणितज्ञाला हीच गोष्ट १९४६ मध्ये आजारातून उठताना सुचली. तो एकट्याने पत्ते लावत होता. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढणे जिकिरीचे; त्यापेक्षा शंभर डाव लावून मोजले तर? या विचारातून ‘मोंटे कार्लो’ पद्धत निघाली. अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांचा प्रवास याच रीतीने मोजता येतो.

संगणक म्हणेल ते खरे, असे मात्र नव्हे. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या एका रेडिओ स्पर्धेत संगणकाने महंमद अलीला जुन्या काळच्या जेम्स जेफ्रीजकडून हरवले. अली चिडून न्यायालयात गेला. त्याला हरवणारे आकडे यंत्रात माणसांनीच भरले होते.

सुरुवात एका डावाने करा. दोन्ही संघांचे अकरा-अकरा तक्ते जाड पुठ्ठ्यावर लिहा, एकाने चिठ्ठ्या काढाव्यात, दुसऱ्याने धावा लिहाव्यात. हजाऱ्यांची चिठ्ठी पहिल्याच चेंडूला ०० निघाली तरी ती परत टाकून दुसरी काढायची नाही.