खो-खोचा सामना बरोबरीत अडकला तर? शेवटच्या मिनिटाचं गणित आधीच कसं ठरतं

नेकनूरच्या एखाद्या शाळेचा खो-खो संघ बीड तालुक्याच्या स्पर्धेला जातो, तेव्हा तिथले सामने बहुधा बाद पद्धतीचे असतात. एका गुणाने हरलात की त्या वर्षापुरता विषय संपला. जिंकलात तर पुढे जिल्हा, विभाग, राज्य. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण याच पायऱ्यांवर अवलंबून असतात आणि सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाची वाटही इथूनच सुरू होते. त्यामुळे शेवटच्या मिनिटाला मैदानाबाहेरून होणारा आरडाओरडा समजण्यासारखा आहे. पण तोवर बरंच काही ठरून गेलेलं असतं.

शेजारच्या केज तालुक्यातल्या कळमअंब्याच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी १९ जानेवारी २०२५ ला पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत नेपाळवर ७८-४० अशी मात होती. शाळेच्या मैदानावर इतकं अंतर क्वचितच पडतं. तिथले नियमही वेगळे: ९ खेळाडू, बाद केलेल्या प्रत्येकामागे १ गुण, मोठ्या मुलांना ९ मिनिटांची आणि १४ वर्षांखालच्यांना ७ मिनिटांची पाळी.

तीन-तीनची तुकडी

पळणारे खेळाडू तीन-तीनच्या तुकडीने मैदानात उतरतात. हा क्रम पाळी सुरू होण्याआधी द्यावा लागतो आणि मध्येच बदलता येत नाही. प्रशिक्षकाचा सगळ्यात मोठा डाव हाच.

समजा, एका संघाची पहिली तुकडी ४ मिनिटं टिकते, दुसरी ३ आणि तिसरी दीड. म्हणजे साडेआठ मिनिटांत सगळे नऊ बाद. क्रम कसाही लावला तरी बेरीज तीच. मग क्रमाने फरक काय पडतो? फरक उरलेल्या अर्ध्या मिनिटात पडतो. नऊही बाद झाले की पहिली तुकडी पुन्हा मैदानात येते. ती दमदार असेल तर ३० सेकंद निभावून नेते. पहिलीच तुकडी कच्ची असेल तर तेवढ्यात एखादा गुण जातो, आणि चुरशीच्या सामन्यात तोच गुण पुरतो.

पाठलाग करणाऱ्यांचं गणित याच्या उलट चालतं. वेळ भरपूर असेल तर आधी चपळ खेळाडूला दमवायचं, कारण तो शेवटी एकटा उरला तर घड्याळ खाऊन टाकतो. वेळ ४० सेकंद असेल आणि नवी तुकडी आत आली असेल, तर त्यातल्या सगळ्यात कच्च्या खेळाडूमागे लागायचं. एक गुण घ्यायचा आणि मोकळं व्हायचं. दोन्ही प्रसंगी एकच ‘पळ, पळ’ ओरडणारे सर मुलांच्या फारसे कामाचे नसतात.

घाईत होणारी चूक मात्र सगळ्यात महाग. खो देताना पाठीला स्पर्श आणि ‘खो’चा आवाज सोबतच हवा. आवाज आधी, हात नंतर, किंवा मधल्या पाटीवर पाय पडला, तर पंच फाऊल देतात. ते निस्तरताना समोरचा पळणारा पार दुसऱ्या खांबापाशी पोहोचलेला असतो.

लघुत्तम आक्रमण म्हणजे काय?

दोन्ही डावांनंतर गुण समान राहिले तर बाद सामन्यात जादा डाव खेळवतात. तरीही बरोबरी राहिली तर लघुत्तम आक्रमण. दोन्ही संघांनी एकेकदा पाठलाग करायचा, पहिला गडी बाद होईपर्यंतचा वेळ मोजायचा. कमी वेळेत गडी टिपणारा संघ जिंकतो.

इथे आधीचा सगळा हिशेब उलटतो. नेहमीच्या पाळीत चांगले पळणारे तीन तुकड्यांत वाटून टाकले तर प्रत्येक तुकडीला आधार मिळतो. लघुत्तम आक्रमणात मैदानात तिघेच असतात आणि तिघांपैकी कुणीही बाद झालं की पाळी खलास. एक अफलातून आणि दोन कच्चे, असं त्रिकूट इथे चालत नाही. सर्वोत्तम तिघे एकत्रच उतरवावे लागतात.

अडचण अशी, की त्याच तिघांनी दोन डावांत आणि जादा डावात मिळून तीन वेळा पळती केलेली असते. आता चौथी. वय तेरा-चौदा, पायाखाली टणक माती, आणि त्याच दिवशी कदाचित पुढचा सामनाही.

अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉलमध्ये हाच पेच पिचरबाबत, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूबाबत येतो. तिथे लिटिल लीगने नियमच केला: ११-१२ वर्षांच्या मुलाला एका दिवसात जास्तीत जास्त ८५ चेंडू. ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर ४ दिवस विश्रांती. सामना कितीही अटीतटीचा असो, सुट्टी नाही. पळतीच्या मिनिटांवर खो-खोत अशी मर्यादा नाही. थांबायचं कधी, हे पूर्णपणे सरांच्या हातात.

त्यातून एक मार्ग निघतो, तो सोप्या सामन्यांतून. पहिल्या फेरीत आठ-दहा गुणांची आघाडी असताना राखीव मुलांना पळती दिली, तर पुढे अडचणीच्या सामन्यात विश्वासाने उतरवता येतील असे पाच-सहा पळणारे हाताशी राहतात. पण आघाडी असतानाही तेच तिघे पळत राहिले, तर जादा डावात सरांच्या कागदावर लिहायला दुसरी नावंच नसतात.