बदलता बाजार – लेखांक 7 : हिशेब कोणाच्या हाती?

जुलै 2025 मध्ये बंगळूरच्या कितीतरी बेकऱ्या, चहाच्या टपऱ्या आणि किराणा दुकानांतून क्यूआर कोड उतरले. त्यांच्या जागी ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ असे कागद लागले. फ्लिपकार्ट आणि फोनपे ज्या शहरात जन्मले, तिथेच दुकानदार पुन्हा नोटा मागू लागले. निमित्त होते कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याच्या नोटिसांचे.

गेल्या आठवड्यात आपण वजनकाट्याची गोष्ट पाहिली. माल मोजून दिल्यावर उरते ती नोंद. ती ठेवायची कुणी, हे प्रत्येक नव्या यंत्राने बदलले.

उधारीच्या वहीत गिऱ्हाइकाचे नाव आणि बाकी असे. वाचणारे दोघेच, वाणी आणि गिऱ्हाईक. दुकानात एकूण काय खपले, हे मात्र वाण्यालाही अंदाजानेच कळे. ती उणीव बारकोडने भरली. 26 जून 1974 रोजी अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंगगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा गल्ल्यावर वाचला गेला. त्याने रांग लवकर सरकू लागली, पण खरा फायदा साठ्याचा झाला. कोणते बिस्किट संपत आले, हे मालकाला फळीकडे न बघता समजू लागले. ते कुणी नेले, हे त्या रेघांना ठाऊक नव्हते.

ते कळले इंटरनेटवरच्या दुकानांना. 1999 मध्ये बंगळूरला फॅबमार्ट सुरू झाले, पण तेव्हा घरोघरी इंटरनेटच नव्हते. पुढे त्याच मंडळींनी सरळ रस्त्यावरची किराणा दुकाने थाटली आणि 2011 मध्ये बिगबास्केट घेऊन ती पुन्हा इंटरनेटवर आली. मधल्या काळात, 2007 मध्ये, फ्लिपकार्टने पुस्तके विकायला सुरुवात केली होती. ‘आधी पैसे, मग माल’ हे लोकांच्या पचनी पडेना, म्हणून 2010 मध्ये त्यांनी वस्तू हाती पडल्यावर रोख घेण्याची सोय काढली. पैसे रोख असले तरी नाव, पत्ता आणि फोन नंबर कंपनीकडे राहिले. आज दहा मिनिटांत दूध येते, त्यामागे स्वाराच्या वेगापेक्षा या नोंदींचा हात मोठा आहे. कोणत्या भागात काय मागवले जाते हे आधीच ठाऊक असल्याने तो माल जवळच्याच गोदामात ठेवलेला असतो.

यूपीआय आले 2016 मध्ये. जानेवारी 2020 पासून दुकानदाराला त्यावर शुल्क उरले नाही आणि रक्कम मोठ्याने सांगणाऱ्या डब्यामुळे दर वेळी फोन बघायची गरजही संपली. ज्याने जन्मात बिलबुक ठेवले नाही, त्याच्याही प्रत्येक विक्रीची नोंद होऊ लागली, पण ती बँकेत. करखात्याने 2021-22 पासूनच्या याच जमा रकमा पाहिल्या. मालविक्रीत वर्षाला 40 लाख आणि सेवांत 20 लाख ही जीएसटी नोंदणीची मर्यादा ओलांडलेली दिसली, त्यांना नोटिसा गेल्या. मर्यादा जुनीच होती. रोखीत न दिसणारी उलाढाल आता दिसू लागली होती, एवढाच फरक.

मात्र बँकेच्या नोंदीत भावाने परत केलेली उसनवारीही ‘जमा’ आणि भाजीचे पैसेही ‘जमा’. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याला सुमारे 29 लाखांची नोटीस आली, वास्तविक ताज्या भाजीवर जीएसटीच नाही. अखेर 23 जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी जुनी थकबाकी वसूल करणार नाही, पण नोंदणी करावी लागेल, असे सांगितले.

क्यूआर कोड उतरवून हा प्रश्न सुटत नाही, कारण गिऱ्हाइकाच्या खिशात आता नोटा नसतात. धंद्याचे खाते घरखर्चापासून वेगळे ठेवणे आणि खरेदीच्या पावत्या जपणे, एवढे तरी छोट्या विक्रेत्याने करायला हवे. बँकेकडे फक्त रकमा आहेत. त्या कशाच्या, हे सांगणारा पुरावा त्याच्याजवळच असायला हवा.

(पुढील लेखांकात : परत केलेल्या मालाचे काय होते?)