कंबर, मालिश आणि शेतकऱ्याचे पाय

रोपलावण आटोपली की आमच्या भागात दोन तक्रारी घरोघर ऐकू येतात. एक, "कंबर धरली", आणि दुसरी, "पाय कुजले". दिवसभर ओणवे राहून चिखलात पाय रोवल्यावर याहून वेगळे काय व्हायचे? आजवर यावरचे उपाय ठरलेले होते. उसण भरली तर गावातला पायाळू माणूस शोधायचा आणि त्याच्याकडून पाठीवर पाय लावून घ्यायचा. हात मुरगळला तर हाडवैद्य. अंग मोडून आले तर खोबरेल तेल कोमट करून घरातल्या पोरांकडून पाठ तुडवून घ्यायची. आता त्यात शहरातल्या नव्या पाट्यांची भर पडली आहे : कायरोप्रॅक्टिक, फूट केअर, मसाज थेरपी. गल्फहून आलेली मुले ही नावे घेतात, आणि कुणाची तरी मान कटकन वळवून दाखवणारी चित्रे फोनवर घरोघर पाहिली जातात. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर दोघातिघांनी आम्हांला विचारले, "तिकडे जावे का? गेल्यास करतात तरी काय?"

आम्ही डॉक्टर नव्हे. पण आमच्याच घरात एका पायाचे प्रकरण झाले, त्यामुळे डॉक्टर मंडळींना विचारून विचारून थोडेफार शिकलो आहोत. ते प्रकरण पुढे सांगू. आधी कमरेकडे वळू.

कायरोप्रॅक्टिक हे नाव जिभेला अवघड, पण अर्थ सोपा आहे. 'हात' आणि 'करणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ते बनले. म्हणजे हाताने करायचा उपचार. १८९५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाच्या गृहस्थाने एका झाडलोट करणाऱ्या माणसाच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागले, असे पामरने सांगितले. त्यावरून बहुतेक सगळे रोग मणके सरकल्यामुळे होतात, असा सिद्धांत त्याने मांडला. आजचे वैद्यकशास्त्र तो मानत नाही. तेव्हा मधुमेह, दमा किंवा रक्तदाब मणके दाबून घालवतो, असे कुणी म्हणाले तर नमस्कार करून उठून यावे.

कंबरदुखीचे मात्र वेगळे आहे. तिथे या उपचाराने काहींना आराम पडतो. किती? तर नीट शिकून केलेल्या व्यायामाने जितका पडतो साधारण तितकाच, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसते. शिवाय ताजी कंबरदुखी बहुतेकांची सहा आठवड्यांच्या आत आपोआपच बरीच कमी होते. (पायाळू माणसाची कीर्ती टिकून आहे ती यामुळेच, असा आमचा संशय आहे.) पूर्वी डॉक्टर फळीवर आठ-आठ दिवस झोपून राहायला सांगत. आता ते मत बदलले आहे. झेपेल तेवढे चालावे, हलकी कामे करावीत. पडून राहिल्याने पाठ आणखी आखडते.

चांगला उपचारक आधी पुष्कळ विचारतो. दुखणे कधीपासून, पायात कळ जाते का, पडला होतात का, ताप येतो का, लघवीला त्रास आहे का. मग वाकायला लावतो, पायाची ताकद पाहतो, गुडघ्यावर हातोडी मारून बघतो. त्यानंतर अरुंद टेबलावर कुशीवर किंवा पालथे झोपवून मणक्याजवळ एक झटक्याचा पण आखूड दाब देतो. 'कट' असा आवाज येतो. हाड जाग्यावर बसल्याचा तो आवाज, असे लोक समजतात, तसे नाही. सांध्यातल्या पातळ द्रवात एकदम पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी बोटाचा सांधा ओढताना त्याचे चित्रण करून हे दाखवले. म्हणून आवाज मोठा झाला तर गुण जास्त, असे काही नाही. नंतर एक-दोन दिवस अंग दुखते, तेही साहजिक आहे. चार-सहा खेपांत फरक वाटला नाही तर थांबावे. सहा महिन्यांचे पैसे आधी भरा म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. आणि "कुठे शिकलात, किती वर्षे?" हे विचारायला लाजू नये. परदेशात हा अभ्यासक्रम काही वर्षांचा असतो. आठवड्याच्या शिबिरात तो येत नाही. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट चार वर्षांहून अधिक शिकतो, आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात तो सहसा मिळतो. आम्हांला विचाराल तर पहिली खेप त्याच्याकडे करावी.

मानेच्या बाबतीत आम्ही थोडे कडक बोलणार आहोत. मानेला झटका देऊन वळवताना मेंदूकडे रक्त नेणारी शीर फाटून अर्धांगवायू झाल्याची उदाहरणे आहेत. विरळा आहेत, पण आहेत. केस कापून झाल्यावर न्हावी मान मोडून देतो, त्यालाही नको म्हणावे.

आणि काही पाठी अशा असतात की त्यांना कुणीही हात लावू नये. त्या थेट डॉक्टरकडे न्याव्यात. माडावरून किंवा माळ्यावरून पडल्यानंतरची पाठ. ताप, वजन घटणे आणि रात्री वाढणारे दुखणे असलेली पाठ, कारण आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग अजून आहे, आणि पोखरलेल्या मणक्यावर दाब दिला तर माणूस कायमचा लुळा होऊ शकतो. हाडे ठिसूळ झालेल्या आजीची पाठ. पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाची पाठ. आणि लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांच्या आत आणि बसण्याच्या जागी बधिरता आली, पाय लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठे इस्पितळ गाठावे.

मालिशबद्दल फार लिहीत नाही, कारण ती आपल्या घरचीच आहे. थकलेले स्नायू सैल होतात, झोप चांगली लागते, दोन दिवस बरे वाटते. यापलीकडे अपेक्षा ठेवू नये. बाहेर मालिश घ्यायला गेल्यास पैसे आधी ठरवावेत. अंगावर किती कपडे ठेवायचे हे आपण ठरवायचे असते, आणि बायकांनी बाई मालिशवाली मागावी, सोबत कुणाला तरी न्यावे. तीन गोष्टी मात्र ध्यानात असू द्या. मुलगा झाडावरून पडून कोपराला लागले तर तो कोपर कधीही चोळू नये. चोळल्याने स्नायूत हाड तयार होते आणि हात कायमचा आखडतो. एकाच पायाची पोटरी सुजून गरम आणि दुखरी झाली असेल तर ती रगडू नये. आत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात जाते. आणि मुरगळल्यावर किंवा टाचेच्या भेगांना बिब्बा लावायची जी पद्धत आहे, ती सोडावी. कातडी भाजून फोड येतात. भेगांना आपले कोकमतेल पुष्कळ झाले.

आता आमच्या घरचे प्रकरण. आमच्या थोरल्या काकांना पंधरा वर्षांचा मधुमेह. एका सुगीत बाभळीचा काटा रबरी चपलेतून आरपार जाऊन तळव्यात रुतला. काकांना कळलेच नाही. दोन दिवस त्याच पायाने त्यांनी भारे वाहिले. सूनबाईला जमिनीवर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा काटा निघाला. तिसऱ्या दिवशी पाऊल सुजले. "दवाखान्यात जाऊ या का?" असे विचारले तर काका म्हणाले, "दुखत नाही, मग दवाखाना कशाला?" आम्हांलाही ते पटले. पाय मुरगळला असेल म्हणून आम्हीच एका मालिशवाल्याला बोलावले. त्याने चार दिवस तेल लावून रगडले आणि मिठाच्या पुरचुंडीने शेकले. शेकाने फोड आले, तेही काकांना कळले नाहीत. आठव्या दिवशी वास सुटला. दोन बोटे काढावी लागली. मालिशवाला भला माणूस. त्याला आम्ही दोष देत नाही. त्याला बोलावले ते आम्हीच.

"दुखत नाही" या शब्दांनी आम्हांला फसवले. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की नसा बिघडतात, आणि सगळ्यांत लांब नसा आधी, म्हणून पायाची बोटे पहिल्यांदा बधीर होतात. घाम येईनासा होऊन टाचा फाटतात. रक्तवाहिन्या अरुंद होऊन जखम भरत नाही. बिडी-तंबाखू त्यात भर घालते. मोलोकाई बेटावरच्या संत डेमियन यांच्या पायाला १८८४ साली कढत पाण्याने फोड आले आणि त्यांना चटका कळलाच नाही, तेव्हा कुष्ठरोग आपल्यालाही झाला हे त्यांना उमगले, असे चरित्रात सांगतात. हीच गोष्ट वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी पुढे उलगडून दाखवली. कुष्ठरोग्याची बोटे रोगाने गळत नाहीत. इजा कळत नाही म्हणून ती झिजतात. नंतर अमेरिकेत त्यांनी तेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरले. कुष्ठरोगावर आज पूर्ण बरे करणारी औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. अंगावर बधीर चट्टा दिसला तर लपवू नये.

पाय बधीर झाले की नाही हे घरीच पाहता येते. माणसाला पाय उघडे ठेवून झोपवावे, डोळे मिटायला सांगावे. आपल्या बोटाच्या टोकाने त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या शेंड्याला, एकेक करून, एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दोन्ही पाय मिळून सहा जागा. दाबू नये, टोचू नये, गुदगुल्या करू नयेत. कळले की त्याने "उजवा" किंवा "डावा" म्हणायचे. सहापैकी दोन किंवा अधिक जागी कळले नाही तर तो पाय धोक्यात आहे असे समजून डॉक्टरला दाखवावे. हे करायला पाच मिनिटे लागतात. काकांवर ते आधी केले असते तर, असे आम्हांला पुष्कळदा वाटते.

पायांच्या दवाखान्यात भिण्यासारखे काही नसते. नायलॉनचा एक तंतू तळव्याला वाकेपर्यंत टेकवून तो कळतो का पाहतात, कंप पावणारा लोखंडी चिमटा अंगठ्यावर ठेवतात, पावलाच्या नाड्या चाचपतात. घट्टे आणि कुरुपे बारीक पात्याने सोलून काढतात. ते बहुधा दुखत नाही. तेच काम घरी दाढीच्या ब्लेडने करणे म्हणजे जखमेला आमंत्रण, आणि बाजारातली कुरुपाची पट्टीही मधुमेह्याने लावू नये, तिच्यात कातडी जाळणारे औषध असते. न दुखता सुजलेले, हाताला गरम लागणारे पाऊल असेल तर त्यावर भार टाकू नका, असे ते बजावतात. आत हाडे मोडत असू शकतात.

बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांनी, चिखलातून आल्यावर पाय स्वच्छ पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या कराव्यात. चिखल्या निम्म्या त्यानेच टळतात. तेल टाचेला लावावे, बेचक्यांत नको. रोपलावणीला गमबूट रुततो हे आम्हांला माहीत आहे, पण पायाला कापलेले असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये. आणि भातशेतीत काम केल्यानंतर ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल झाले तर "पाण्यात काम केले होते" हे डॉक्टरला आवर्जून सांगावे; उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टोचा ताप वेळेवर औषध मिळाले तर आटोक्यात येतो.

काका आता मऊ रबराच्या तळाच्या, मागे पट्टा असलेल्या चपला वापरतात, आणि पाय घालण्याआधी त्या उपड्या करून झटकतात. अंघोळीचे पाणी सूनबाई स्वतःच्या कोपराने पाहते. रोज संध्याकाळी तेर्साच्या आधी नात बॅटरी घेऊन त्यांचे दोन्ही तळवे बघते. काका कुरकुरतात, पण पाय पुढे करतात.