मोटारीचा भाडेपट्टा आणि मधला माणूस



गेल्या फेस्ताच्या दिवशी मिस्सा आटोपून मी चर्चच्या पायऱ्या उतरत होतो, तोच माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईने मला गाठले. तिचा मुलगा इंग्लंडमध्ये स्विंडन येथे नोकरीस आहे. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे गोव्याची जी अनेक कुटुंबे त्या शहरी जाऊन स्थिरावली, त्यांपैकीच हा एक. त्याची पाळी पहाटेची. त्या वेळी बस मिळत नाही, म्हणून त्याला मोटार हवी होती. विकत घेण्याइतका पैसा गाठीशी नव्हता, तेव्हा भाडेपट्ट्याने घ्यावी असे त्याने ठरविले, आणि इंटरनेटवर त्याला एक दलाल भेटला. या दलालाने २,२५० पौंड आपल्या खात्यात आगाऊ भरण्यास सांगितले होते. आपल्या रुपयांत ही रक्कम अडीच लाखांच्या वर जाते. ती माउली त्यासाठी बँकेतील मुदतीची ठेव मोडावयास निघाली होती. "सर, पाठवू ना पैसे?" एवढेच तिने विचारले. मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. "दोन दिवस थांबा," एवढेच मी म्हणालो. त्या दोन दिवसांत आणि त्यानंतर जे समजले, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

भाडेपट्ट्याची मोटार ही शेवटपर्यंत दुसऱ्याचीच असते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. इंग्लंडात सामान्यतः दोन ते चार वर्षांचा करार होतो. आरंभी काही महिन्यांचे भाडे एकदम द्यावयाचे, पुढे दरमहा ठरलेली रक्कम भरावयाची आणि मुदत संपली की गाडी परत करावयाची. हप्त्याने घेतलेल्या गाडीप्रमाणे ती अखेरीस आपली होत नाही. वर्षाकाठी किती मैल चालवावयाची हेही करारात लिहिलेले असते. समजा, ८,००० मैल लिहिले, म्हणजे सुमारे १२,९०० किलोमीटर; त्यापलीकडील प्रत्येक मैलाला काही पेन्स जादा पडतात. करार मध्येच मोडला तर उरलेल्या भाड्याचा मोठा हिस्सा भरावा लागतो. तो निम्म्याइतकाही असू शकतो.

आता दलालाचे स्थान पाहू. बेळगावच्या बाजारात बटाटा घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला अडत्या म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. माल अडत्याचा नसतो. तो देणाऱ्याची व घेणाऱ्याची गाठ घालून देतो आणि आपली अडत घेतो. मोटारीच्या दलालाचेही तसेच आहे. गाडी वित्तसंस्थेच्या मालकीची असते, करारही त्या संस्थेशीच होतो. दलाल केवळ मध्यस्थ. मात्र एक मोठा फरक आहे. बाजारात अडत किती हे शेतकरी जाणून असतो, किंवा निदान विचारू तरी शकतो. मोटारीच्या गिऱ्हाइकाला मात्र पुष्कळदा वाटते की, हा गृहस्थ आपल्यासाठी धडपडतो आहे आणि ते फुकटात. वस्तुतः त्याचे कमिशन वित्तसंस्थेकडून येत असते, आणि कित्येकदा तो गिऱ्हाइकाकडूनही कागदपत्रांच्या खर्चाच्या नावाखाली निराळी फी घेतो.

हा दलाल कोणाचा माणूस, या प्रश्नाचा निकाल करावयास इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ते प्रकरण भाडेपट्ट्याचे नव्हते, हप्त्याने घेतलेल्या मोटारींचे होते. तरी मूळ मुद्दा तोच. १ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले की, गाडी विकणारा व्यापारी कर्जाची व्यवस्था करून देतो, तेवढ्याने तो गिऱ्हाइकाचा विश्वस्त ठरत नाही. त्याला स्वतःचा स्वार्थ असतो आणि तो उघड दिसणारा असतो. परंतु त्याच निकालात एका गिऱ्हाइकाला न्यायही मिळाला. त्याने २०१७ साली एक जुनी सुझुकी घेतली होती. त्या व्यवहारात व्यापाऱ्याला १,६५० पौंड ९५ पेन्स कमिशन मिळाले होते, म्हणजे कर्जापायी गिऱ्हाइकाला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या ५५ टक्के! शिवाय व्यापारी अनेक संस्थांतून योग्य ती निवडतो असा समज कागदपत्रांतून होत होता, प्रत्यक्षात एका संस्थेला पहिला हक्क दिलेला होता. हा संबंध अन्याय्य आहे असे न्यायालयाने ठरविले. सारांश, मध्यस्थ आपला नव्हे हे गृहीत धरूनच त्याच्याशी बोलावयास बसले पाहिजे.

तसे बसले की विचारावयाचे प्रश्न आपोआप सुचतात. तुला कमिशन कोण देतो व किती? विचारल्यास ती रक्कम, अगर निदान अंदाजाची रक्कम, करारापूर्वी सांगणे तेथील नियमांनुसार दलालावर बंधनकारक आहे. तुझी वेगळी फी किती, आणि गाडी मिळालीच नाही तर ती परत देणार काय? तेथे १९७४ चा ग्राहक पतव्यवहारविषयक कायदा आहे. त्यानुसार दलालाने गाठ घालून दिल्यापासून सहा महिन्यांत करार झाला नाही, तर पाच पौंडांवरची फी परत मागता येते. हे पाच पौंडांचे कलम पुष्कळांना ठाऊक नसते, आणि ठाऊक नसलेल्या हक्काचा उपयोग शून्य.

दलालास धंद्यासाठी फायनान्शियल कॉन्डक्ट ऑथॉरिटी या सरकारमान्य नियामक संस्थेची परवानगी लागते. हे काम तिच्याकडे १ एप्रिल २०१४ पासून आले. तिची नोंदवही इंटरनेटवर कोणासही विनामूल्य पाहता येते. परंतु नोंदवहीत नाव सापडले एवढ्याने समाधान मानू नये. लबाड लोक प्रामाणिक पेढीचे नाव व क्रमांक उचलून आपल्या पत्रावर छापतात. म्हणून दलालाने दिलेल्या दूरध्वनीवर चौकशी न करता नोंदवहीत छापलेल्या दूरध्वनीवर करावी. याखेरीज १९६७ साली स्थापन झालेली ब्रिटिश व्हेइकल रेंटल अँड लीजिंग असोसिएशन ही या धंद्याची संघटना आहे. तिच्या सभासदाविरुद्ध तक्रार झाल्यास ती तडजोडीचा प्रयत्न करते. सभासदत्व म्हणजे सचोटीचा दाखला नव्हे. पण तक्रार घेऊन जावयास एक दार असते, एवढे खरे.

आता आकड्यांकडे वळू. मी गणिताचा शिक्षक नव्हे, पण हा हिशेब सातवीच्या मुलालाही जमावा. पहिला दलाल म्हणतो, महिना फक्त २५० पौंड, करार ३६ महिन्यांचा, आरंभी नऊ महिन्यांचे भाडे. म्हणजे आरंभी २,२५० आणि पुढील ३५ महिन्यांचे ८,७५०, एकूण ११,०००. दुसरा म्हणतो, महिना २७५, आरंभी तीनच महिन्यांचे भाडे. म्हणजे ८२५ आणि ९,६२५, एकूण १०,४५०. जाहिरातीत महाग दिसणारी गाडी ५५० पौंडांनी स्वस्त निघाली! पहिल्याची फी त्यावर आणखी. शिवाय धंद्यासाठी गाडी घेणाऱ्यांना उद्देशून छापलेल्या दरात २० टक्के कर धरलेला नसतो. तो दर खासगी गिऱ्हाइकापुढे टाकला की २५० चे ३०० होतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पैशाची वाट. आरंभीची मोठी रक्कम ही भाड्याचाच भाग. ती गाडीच्या मालकाची, म्हणजे वित्तसंस्थेची. बहुधा गाडी हाती आल्यानंतर ती संस्थाच आपल्या बँकेच्या खात्यातून ती परस्पर वळती करून घेते. ती रक्कम गाडी येण्यापूर्वी दलालाच्या खात्यात भरावयास सांगितली, तर हात आखडता घ्यावा. आमच्या विद्यार्थ्याला नेमके हेच सांगण्यात आले होते.

त्याच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. तेथे नवीन गेलेल्या माणसाच्या नावे पूर्वीच्या देण्याघेण्याची नोंद पुरेशी नसते, म्हणून वित्तसंस्था त्याला नकार देतात. अशा नकाराने खचलेल्यांनाच "कोणतीही चौकशी नाही, मंजुरी हमखास" असे सांगणारे दलाल गाठतात. दुसरा एक दलाल तर म्हणाला की, करार चुलतभावाच्या नावे करू, गाडी तुम्ही चालवा. आपल्याकडे भावाच्या नावावर वस्तू घेणे हा घरचा मामला समजला जातो. तेथे मात्र ती वित्तसंस्थेची दिशाभूल ठरते. अपघात झाला तर विमाही हातचा जाण्याची भीती, आणि हप्ते थकले तर बट्टा लागावयाचा तो भावाच्या नावाला. असा सल्ला देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये, मग त्याची परवानगी कितीही खरी असो.

मी मुलाला दूरध्वनी केला आणि नोंदवहीतील क्रमांकावर चौकशी करावयास सांगितले. त्या पेढीने उत्तर दिले की, या नावाचा कोणीही आमच्याकडे नाही आणि हे बँक खातेही आमचे नाही. ठेव मोडली गेली नव्हती, कारण ते दोन दिवस ती बाई थांबली होती.

पुढे आठ महिने तो मुलगा एका सहकाऱ्याच्या गाडीतून, पेट्रोलचा खर्च वाटून घेत कामावर गेला. तेवढ्या काळात त्याने देण्याघेण्याची नोंद नीट राखली आणि मग आरंभी तीन महिन्यांचे भाडे देण्याच्या बोलीवर एक लहान मोटार घेतली. गाडी पोहोचली त्या दिवशी डाव्या दाराखाली त्याला बोटभर लांबीचा ओरखडा दिसला. आणणारा मनुष्य घाईत होता. तरी मुलाने त्याला थांबवून घेतले, ओरखड्याचे छायाचित्र काढले आणि पोहोचपावतीवर तशी नोंद करवून घेऊन मगच सही केली.