एएस की एसएस?

आश्रमशाळेत सिकलसेलची तपासणी असते तेव्हा मुलाच्या बोटाला सुई टोचतात. थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात मिसळतात आणि नळीमागे रेघा आखलेला कागद धरतात. काही मिनिटांनी रेघा दिसेनाशा झाल्या, तर 'पॉझिटिव्ह'. ही सोल्युबिलिटी चाचणी. सोडियम डायथायोनाइट रक्तातला ऑक्सिजन काढून घेतं, मग सिकल हिमोग्लोबिन विरघळत नाही आणि द्रावण गढूळ होतं. चाचणी स्वस्त, विजेशिवाय होणारी. गडचिरोलीतल्या भामरागडसारख्या, पर्लकोटा नदीला पूर आला की जगापासून तुटणाऱ्या गावाला सोयीची. पण मूल नुसतं वाहक, म्हणजे एएस, आहे की आजारी, म्हणजे एसएस, हे तिला सांगता येत नाही. आईबापांना नेमकं तेच हवं असतं.

त्यासाठी प्रथिनं विजेच्या वाटेवर धावायला सोडावी लागतात.

सिकलच्या बाबतीत हे पहिल्यांदा केलं लायनस पॉलिंग यांच्या अमेरिकेतल्या गटानं, १९४९ मध्ये. सिकलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीनं सरकतं, हे त्यांनी दाखवलं. रेणूत बिघाड झाल्यानं होणारा आजार, ही कल्पना तिथे रुजली. त्यांचं यंत्र मात्र अवाढव्य होतं. १९५५ मध्ये टोरांटोत ऑलिव्हर स्मिथिज यांना आई कपड्यांना खळ करायची ते आठवलं. खळ निवली की थिजते. त्यांनी स्टार्चच्याच थरात प्रथिनं धाववली. पुढे १९५९ मध्ये पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचं जेल आलं आणि खळ मागे पडली.

हे जेल ओतणं पाहण्यासारखं असतं. दोन काचांमध्ये मिलिमीटरभर फट. अ‍ॅक्रिलामाइडच्या द्रावणात अमोनियम पर्सल्फेट आणि शेवटी टेमेडचे काही मायक्रोलिटर; टेमेडला माशासारखा वास येतो. ते पडलं की हात चालवावा लागतो, कारण थोड्याच वेळात सगळं गोठतं. वरून खोचलेला कंगवा अलगद उपसला की राहिलेल्या खाचांत नमुने भरायचे. न गोठलेलं अ‍ॅक्रिलामाइड मज्जातंतूंना घातक, म्हणून हातमोजे सक्तीचे.

आता गंमत पाहा. प्रयोगशाळांत सर्वाधिक चालतं ते एसडीएस जेल. १९७० मध्ये लेमली यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत एसडीएस नावाचा साबणासारखा पदार्थ प्रथिनाची घडी मोडतो आणि सगळ्या प्रथिनांवर ऋण प्रभाराचा थर चढवतो. मग ती केवळ आकारानुसार चाळली जातात. सिकलच्या बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी फक्त सहावं बदललेलं असतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. जवळपास १५,९०० डाल्टनच्या साखळीत फरक पडतो ३० डाल्टनचा. जगभर गाजलेलं हे जेल गडचिरोलीच्या या प्रश्नापुढे आंधळं आहे! फरक वजनाचा नाही, प्रभाराचा आहे. म्हणून घडी न मोडता, प्रभार न झाकता धाववावं लागतं: पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्याच थरात समविद्युत बिंदूनुसार, म्हणजे प्रथिनाचा एकूण प्रभार ज्या पीएचला शून्य होतो त्यानुसार, किंवा दवाखान्यांत चालणाऱ्या सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या पट्टीवर. ८.६ पीएचला नेहमीचं हिमोग्लोबिन धन टोकाकडे पुढे जातं, सिकल मागे रेंगाळतं. वाहकाला दोन ठळक पट्ट्या. रुग्णाला पुढची पट्टी नसतेच. आता एचपीएलसी यंत्रं हेच काम आकड्यांत करतात.

विदर्भाला हा आजार नवा नाही. मध्य भारतातल्या सिकलची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये केली होती. १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू करणाऱ्या राणी आणि अभय बंग यांनी इथल्या सिकलसेलकडे लक्ष वेधलं. आदिवासी भागांत वर्षानुवर्षं सिकलसेलवर काम करणारे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र हा केवळ माडिया-गोंड आदिवासींचा आजार, हा समज चुकीचा. विदर्भातल्या इतर समाजांतही तो आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी चंद्रपूरचं हिमोग्लोबिनविकार संशोधन, व्यवस्थापन आणि नियंत्रण केंद्र राष्ट्राला अर्पण झालं. ते भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं. असं केंद्र मुंबई-पुण्यात नव्हे, आजाराच्या दारात उभं राहिलं, हे उशिरा झालं तरी योग्यच झालं.

पट्टी वाचतानाही भान लागतं. नुकतंच रक्त चढवलेल्या रुग्णात दात्याचं हिमोग्लोबिन दिसतं आणि एसएस माणूस एएस भासू शकतो. नवजात बाळात गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचाच भरणा असल्यानं बाकीच्या पट्ट्या फिकट येतात.

आई आणि बाप दोघेही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. तेव्हा शिबिरात सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली, तर तेवढ्यावर घरी परतू नका. पुढची तपासणी कुठे आणि कधी होणार ते विचारा, आणि एएस की एसएस हे कागदावर लिहून घ्या.